तेवीस अल्बम घेतले, ऐकतो पाचच

पत्र थोडक्यात असं: लिहिणारे ३४ वर्षांचे, कोल्हापूरचेच, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीचं काम बघतात. दोन वर्षांपासून त्यांना सिनेमाच्या बॅकग्राउंड स्कोअरचे, म्हणजे गाणी सोडून सीनच्या मागं वाजणाऱ्या पार्श्वसंगीताचे, अल्बम जमवायचा नाद लागलाय. त्यासाठी महिन्याला अडीच हजार बाजूला काढतात, सीडी आणि एलपी (पिनवर वाजणारी मोठी रेकॉर्ड) दोन्ही घेतात. आत्तापर्यंत २३ अल्बम झाले, पण परत परत ऐकले जातात ते पाचच, बाकीचे एकदा वाजले आणि कपाटात गेले. थेटरात अंगावर काटा आणणारं म्युझिक घरी लावलं की सपक का लागतं, हा त्यांचा प्रश्न. बायको विचारते, "हे सगळं ऐकणार कधी?" आता लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या पहिल्या भागाचा पूर्ण स्कोअरचा सेट कुणीतरी साडेसात हजाराला द्यायला तयार आहे. तो घ्यावा का, आणि अल्बम घेण्यालायक आहे का नाही हे पैसे द्यायच्या आधी ओळखायचा काही नियम आहे का, असं त्यांनी विचारलंय.

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट दिसली, तुम्हीच लिहिलीय ती, पण बहुतेक तुमच्या लक्षात आली नाही. जे पाच अल्बम ऐकता ते तुम्ही नावानिशी दिलेत: वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट, ब्लेड रनर, इंटरस्टेलर, सायको आणि बॉम्बे. आणि पहिल्या दोघांपुढं लिहिलंय, "पिक्चर अजून बघितला नाही." म्हणजे बघा, जे तुम्ही सगळ्यात जास्त ऐकता त्यातले दोन पिक्चर तुम्ही बघितलेलेच नाहीत, आणि जे अठरा कपाटात पडलेत ते झाडून सगळे तुम्हाला थेटरात आवडलेल्या पिक्चरचे आहेत.

तुम्ही धरून चाललाय की पिक्चर भारी होता, म्युझिकनं काटा आला, म्हणजे अल्बम घ्यायलाच पाहिजे. बरेच जण असंच धरून चालतात, मी पण कितीतरी वर्षं चालले. पण तुमच्याच घरातल्या कपाटाचा हिशेब उलटं सांगतोय.

तुम्ही फाउंड्रीतले, आणि माझे वडील उद्यमनगरात टर्नर होते, म्हणून त्याच भाषेत सांगते. सीनसाठी केलेलं संगीत म्हणजे साच्यात ओतलेलं लोखंड. दार कितव्या सेकंदाला उघडतं, कुठं कोण बोलायला लागतं म्हणून व्हायोलिन खाली आणायची, कुठं एकदम तोडायचं, हे सगळं पिक्चरनं ठरवलेलं असतं आणि संगीत त्या आकाराला जाऊन बसतं. थेटरात तुम्ही साचा आणि लोखंड एकत्रच बघता. अल्बममध्ये साचा फोडलेला असतो, हातात नुसतं कास्टिंग, म्हणजे ओतीव तुकडा, येतो, आणि तो फ्लोअरवर स्वतःच्या पायावर उभा राहतो का लवंडतो एवढाच प्रश्न उरतो. लवंडलं म्हणजे संगीतकार कमी पडला असं नाही हं. कधीकधी ज्यानं सीनचं काम अगदी चोख केलंय त्याचंच संगीत घरी ऐकायला अवघड जातं, चाळीस सेकंद काहीतरी गुरगुरतं, मग गप्प होतं, मग वीस सेकंद ढोल.

आणि दुसरं म्हणजे थेटरात जो काटा आला तो म्युझिकनंच आला हे तरी कशावरून? वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्टची सुरुवात तुम्ही बघितली नाही म्हणून सांगते, एका ओसाड रेल्वे स्टेशनवर तिघं बंदूकवाले गाडीची वाट बघत बसलेत. जवळजवळ दहा मिनिटं चालतो तो प्रकार, आणि त्यात म्युझिक नाही. पवनचक्कीची करकर, एकाच्या हॅटवर थेंब थेंब पडणारं पाणी, तोंडाभोवती घोंगावणारी माशी, बास. मी पहिल्यांदा बघून उठले तेव्हा सगळ्यांना सांगत होते की सुरुवातीचं म्युझिक काय भारी आहे, मग अल्बम लावला आणि शोधत बसले, ते कुठं असणार, ते म्युझिक नव्हतंच. लांब कशाला जायचं, आपल्या कोल्हापुरात १९२९ ला सुरू झालेल्या प्रभातनं पुण्याला गेल्यावर १९३७ ला 'कुंकू' काढला, त्यात बॅकग्राउंड म्युझिक न घालता खऱ्या आवाजांवर सीन उभे केलेत, आणि तरी बघताना काही कमी आहे असं वाटत नाही. तुमच्या त्या अठरातल्या किती पिक्चरमध्ये काटा पावसाच्या आवाजानं, शांततेनं, नाहीतर नुसत्या नटाच्या चेहऱ्यानं आला होता हे एकदा तपासा.

मग तुमचे पाच का उभे राहिले? मला ह्याच्यात खरंच रस वाटला म्हणून जरा खोलात जाते. वन्स अपॉनचं म्युझिक संगीतकार एनिओ मोरिकोनेनं शूटिंगच्या आधीच करून ठेवलं होतं आणि सेटवर ते वाजवून नटांना चालायला लावलं होतं. म्हणजे इथं कास्टिंग आधी आणि साचा नंतर! कॅमेराच त्या चालीवर चाललाय, त्यामुळं पिक्चर काढून घेतला तरी चाल जशीच्या तशी उभी. इंटरस्टेलरचं पण तसंच काहीसं, दिग्दर्शक नोलननं संगीतकार हान्स झिमरला गोष्ट न सांगता, अंतराळाचं नाव न काढता, बाप आणि लेकरू एवढ्याच विषयावरचं एक पान दिलं होतं आणि त्यावरून झिमरनं एका दिवसात जो तुकडा केला तो त्या स्कोअरचं बीज. नंतर त्यात लंडनच्या टेंपल चर्चचा ऑर्गन आला. तुम्ही लिहिलंय की नाईट शिफ्ट करून आल्यावर तोच लावता, त्याचं मला आश्चर्य वाटत नाही.

ब्लेड रनरचा रस्ता वेगळा. ते संगीतकार वँगेलिसनं पडद्यावरची दृश्यं बघत बघतच केलं होतं. पिक्चर आला १९८२ ला आणि वँगेलिसचा स्वतःचा अधिकृत अल्बम निघाला थेट १९९४ ला, बारा वर्षांनी, आणि तेव्हा त्यानं पिक्चरचा क्रम सांभाळायच्या भानगडीत न पडता ऐकायला बसणाऱ्या माणसासाठी तो नव्यानं लावला, पिक्चरमध्ये नसलेले तुकडे घातले, मधे मधे संवाद ठेवले. साचा फोडल्यावर रनर-रायझर, म्हणजे ओतताना चिकटून राहिलेलं जास्तीचं लोखंड, कापून, घासून, नीट साफ करून (फेटलिंग) दिलेलं कास्टिंग म्हणा. जॉन विल्यम्सनं संगीत दिलेल्या 'जॉज' पिक्चरचं पण असंच, १९७५ ला जी एलपी निघाली ती पिक्चरमधलं रेकॉर्डिंग नव्हतं, एलपीसाठी त्यानं वेगळं बांधून परत वाजवून घेतलं होतं. त्यामुळं "पिक्चरमध्ये होतं तेच अगदी तसंच पाहिजे" हा हट्ट प्रत्येक वेळी फायद्याचा नसतो.

सायको ह्या कशातच बसत नाही. ते सीनच्या मापानं शिवलेलं आहे, तुकडे छोटे छोटे आहेत आणि तरी उभं राहतं. मला वाटतं संगीतकार हर्मननं नुसती तंतुवाद्यं घेतली, दुसरं काहीच नाही, त्यामुळं सगळे तुकडे एकाच धातूचे झालेत आणि अल्बमभर तो धातू तुटत नाही. आणि बॉम्बे म्हणाल तर तो गाण्यांचाच अल्बम, त्यात ती एक थीम वाद्यांची. तुम्ही ती एकच ऐकता ना? मग तो अल्बम तुम्ही स्कोअरमध्ये धरू नका. आपल्याकडं अडचणच ही आहे की अल्बम म्हणजे गाणी, पार्श्वसंगीत वेगळं काढून विकायची पद्धत फारशी पडलीच नाही. शोलेच्या संवादांची एलपी निघाली आणि घराघरात वाजली, पण पार्श्वसंगीताच्या वाट्याला ते भाग्य क्वचित आलं. राष्ट्रीय पुरस्कारात सुद्धा पार्श्वसंगीताला वेगळा मान नियमितपणे २००९ सालच्या पुरस्कारांपासून मिळायला लागला, त्या वर्षी इलैयाराजांना. त्यामुळं आपले कान गाण्यावर पोसलेत, स्कोअर ऐकताना पण आपण मुखडा शोधतो, गुणगुणता आलं नाही की पैसे बुडाले वाटतं. तुम्ही पण एका अल्बमबद्दल लिहिलंय, "चालच नाही त्यात." ही फूटपट्टी थोडे दिवस बाजूला ठेवून बघा, कारण इंटरस्टेलरमध्ये तरी गुणगुणण्यासारखं असं किती आहे, आणि तो तर तुमचा सगळ्यात लाडका.

आता नियम. कुणी दुसऱ्यानं केलेला नियम मी देणार नाही, पण मी स्वतः काय करते ते सांगते. पिक्चर बघून आले की पंधरा-वीस दिवस अल्बमला हात लावत नाही. त्या दिवसांत डोक्यात पिक्चर चालू असतो आणि काहीही लावलं तरी भारीच वाटतं, तुमची बरीचशी खरेदी त्याच आठवड्यातली आहे असं तारखांवरून दिसतंय. मग मोबाईलवर ऐकते, ट्रॅकची नावं न बघता, कारण नाव वाचलं की लगेच सीन आठवतो आणि परत आपण साच्यासकट ऐकायला लागतो. पहिल्यांदा कामात असताना. मागच्या श्रावणात एक स्कोअर असाच लावला होता, गव्हातले खडे काढत बसले होते, परात मांडीवर, बाहेर झिमझिम. साधारण विसाव्या मिनिटाला बघितलं तर हात थांबलेला, खडा बोटात तसाच. कुठला सीन होता ते काही केल्या आठवेना, पण चेलो काहीतरी सांगत होता आणि मला ते ऐकून घ्यायचं होतं. तो अल्बम मी घेतला. पण लगेच नाही, अजून दोनदा वेगवेगळ्या दिवशी ऐकून, एकदा सकाळी आणि एकदा रात्री दिवे घालवून, आणि दोन्ही वेळेला आपणहून परत लावावासा वाटला म्हणून. ज्याला हात थांबत नाही तो मी फुकट ऐकते आणि सोडून देते.

ह्यात रेटिंगचं आणि अवॉर्डचं काय? रेटिंग वाचायला हरकत नाही, पण आकडा बघू नका, लिहिणाऱ्यानं कारण काय दिलंय ते बघा. "पिक्चरचा आत्मा आहे" असं लिहिलं असेल तर तुम्हाला त्याचा उपयोग नाही. "मधली पंधरा मिनिटं एकच ताल आहे, शेवटचा ट्रॅक सगळं एकत्र आणतो" असं लिहिलं असेल तर आहे. अवॉर्ड पिक्चरमधल्या कामाला मिळतं, तुमच्या हॉलमधल्या कामाला नाही.

विकत घेताना मात्र मागची बाजू वाचायचीच, आणि बारीक अक्षरं आधी. एकदा मी एका विक्रेत्याकडून अठराशे रुपयांना एक एलपी मागवली, पुढं पिक्चरचं पोस्टर, नाव मोठ्ठं, मी आनंदात. घरी उघडल्यावर मागं खाली कोपऱ्यात दिसलं की वाजवणारा ऑर्केस्ट्रा दुसराच आहे आणि संगीतकाराचा त्या रेकॉर्डिंगशी काही संबंध नाही. परत घेतली नाही त्यानं. ब्लेड रनरच्या बाबतीत तर हे अख्ख्या जगाबरोबर झालंय, १९८२ ला जी एलपी मिळायची ती दुसऱ्या ऑर्केस्ट्रानं वाजवलेली होती, वँगेलिसची नाही. म्हणून वाजवलंय कुणी, रेकॉर्डिंग कधीचं, संवाद मिसळलेत का, "पिक्चरवरून सुचलेलं" असं काही लिहिलंय का, हे बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. परत वाजवून घेतलेलं वाईटच असतं असं नाही, जॉजचं सांगितलंच, पण ते कुणी आणि कशासाठी केलं हे कळलं पाहिजे.

लांबीवरून पण फसू नका. तुम्ही लिहिलंय, "तीस मिनिटांचा अल्बम म्हणजे लूट." एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटं, म्हणजे जुने अल्बम चाळीस-पंचेचाळीस मिनिटांतच बसवावे लागायचे, आणि त्या मापानं संगीतकार निवडून निवडून घ्यायचे. पुढं सीडी आली, ७४ मिनिटं मावायला लागली, तरी अमेरिकेत ऐंशी-नव्वदच्या काळात अर्ध्या तासाच्या सीडी निघत राहिल्या, कारण अल्बम काढायचा तर वादकांच्या युनियनला वेगळे पैसे द्यावे लागायचे आणि जितकी मिनिटं जास्त तितका खर्च जास्त. एकाच लांबीची दोन कारणं, एकात संगीतकाराची निवड आणि दुसऱ्यात कंपनीचा हिशेब. आणि आज उलटं झालंय, सगळंच्या सगळं टाकतात, दोन-दोन तास, रनर-रायझर न कापता. तुमचे जे कपाटात गेलेत त्यातले नऊ असेच लांबलचक आहेत, मी मोजले.

एलपी का सीडी, हे तुम्ही जाता जाता विचारलंय, पण स्कोअरला त्याचं महत्त्व गाण्यांपेक्षा जास्त आहे. गाण्याच्या एलपीत थोडी खरखर चालून जाते, आवाज आणि ढोलकी तिला झाकून टाकतात. स्कोअरमध्ये लांबलचक शांत जागा असतात, एकच बासरी, एकच पियानोचा सूर विझत जातो, आणि तिथंच नेमकी टक टक टक. त्यामुळं शांत स्कोअर मी सीडीवरच घेते, एलपी फक्त जोरकस, भरलेल्या संगीताची. नवीन एलपी बऱ्याचदा डिजिटल मास्टरवरूनच, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मूळ फाइलवरूनच, कापलेल्या असतात, त्यामुळं एलपी म्हणजे आपोआप चांगला आवाज, ह्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. जुनी घेणार असाल तर ट्यूबलाईटखाली तिरकी धरून बघा, केसासारखे ओरखडे चालतात, नखाला अडकणारा ओरखडा नाही चालत. आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर जी ओल असते तिनं कव्हरला बुरशी धरते, विकणारा उन्हाळ्यातले फोटो पाठवतो, म्हणून आजचा फोटो मागा, कव्हरच्या आतल्या बाजूचा सुद्धा. तुम्ही शाहूपुरीत राहता म्हणताय, २०१९ आणि २०२१ चा पूर तुम्हाला मी सांगायला नको, खालच्या कप्प्यात काहीही ठेवू नका, आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात तर एलपी अजिबातच नको.

साडेसात हजाराच्या सेटचं. तो सेट चांगलाच आहे, संगीतकार हॉवर्ड शोरनं प्रत्येक जमातीला, प्रत्येक जागेला स्वतःची धून दिलीय आणि २००५ च्या त्या सेटमध्ये तीन सीडींवर जवळजवळ तीन तास ते सगळं पिक्चरच्या क्रमानं आहे. ज्याला कुठली धून कुठं कशी बदलत गेली हे कागद घेऊन शोधायचंय त्याच्यासाठी ते सोनं आहे. पण तुमच्याकडं २००१ चा एका सीडीचा अल्बम आहेच, सत्तर-एकाहत्तर मिनिटांचा, आणि तुम्ही लिहिलंय की त्यातला हिरव्या गावाचा भाग तेवढा ऐकला, युद्धाचं आलं की पुढं ढकललं. जो माणूस सत्तर मिनिटांतली निम्मी ढकलतो त्याला तीन तास कशाला? ह्या महिन्यात घेऊ नका. ते तीन तास आधी कुठं ऐकायला मिळाले तर एका रविवारी न ढकलता ऐका, आणि नंतर पण पाहिजेच वाटला तर मग घ्या, तेव्हा मी अडवणार नाही. अडीच हजारातले पैसे दर महिन्याला संपवलेच पाहिजेत असं पण काही नाही, दोन महिने साठवून एक घेतला तरी चालतंय की.

एक अपवाद मात्र ठेवा. तुम्ही लिहिलंय की त्या अठरातला एक अल्बम अशा पिक्चरचा आहे जो लग्न ठरल्यावर तुम्ही दोघांनी पहिल्यांदा एकत्र बघितला. तो परत कधीच वाजला नाही तरी असू द्या. ती आठवण म्हणून घेतलेली वस्तू आहे, तिला ही परीक्षा लावायची नाही. बाकीच्या सतरांना अजून एकेकदा संधी द्या, नावं न बघता, आणि ज्यांना हात थांबणार नाही ते कव्हर पुसून ज्याला पाहिजेत त्याला देऊन टाका.

आणि वहिनींचं. त्या "कशाला घेता" म्हणत नाहीयेत, "ऐकणार कधी" म्हणतायत, ह्यात फरक आहे दादा. तुम्ही नाईट करून आल्यावर हेडफोन लावून ऐकता, म्हणजे घरात त्यांना दिसतात फक्त येणारी पार्सलं, संगीत कधी कानावर पडतच नाही. रविवारी सकाळी मटण शिजत असतं तेव्हा स्पीकरवर लावा, कुठला पिक्चर ते सांगू नका, आणि त्या मधेच "हे काय आहे?" म्हणाल्या तर तो अल्बम ठेवायचा. तुमच्यापेक्षा त्यांचे कान जास्त मोकळे आहेत, त्यांना साचाच माहीत नाही.

ब्लेड रनर पिक्चर आता बघणार असाल तर बघून झाल्यावर महिनाभरानं अल्बम परत लावा आणि आधीसारखाच लागतो का बदलतो ते मला लिहून कळवा, मी पिक्चर आधी बघितला होता, त्यामुळं मला ते कधीच कळणार नाही.